धामणगाव बढे ते आंबोली : नरक्याच्या शोधात

आमचे धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले गाव. अजिंठ्याची डोंगररांग आमच्यापासून फार लांब नाही. पाऊस वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर, आणि तोही आपल्या मर्जीचा. शेतात कपाशी, मका, सोयाबीन, तूर. डोंगराकडे साग, सालई, धावडा, अंजन, पळस, मोह. उन्हाळा जवळ आला की ही झाडे पाने टाकून देतात आणि डोंगर उघडा पडतो. पाणी कमी असले तर पाने टाकून जगायचे, हे इथल्या झाडाला ठाऊक असते.

अशा कोरड्या मुलखातल्या माणसाने बारमाही हिरव्या जंगलातल्या एका झाडाबद्दल लिहावे, हे आमच्या वाचकांना नवलाचे वाटेल. पण त्या झाडाचा आणि आमच्या गावाचा संबंध आहे. आमच्याच कशाला, ज्या ज्या गावातून कोणी तरी कॅन्सरचे कागद पिशवीत घालून मुंबईची गाडी पकडतो, त्या प्रत्येक गावाचा आहे. त्या झाडाचे नाव नरक्या. सह्याद्रीच्या जंगलातून हे झाड कमी होत चालले आहे आणि धोक्यात आलेल्या झाडांत त्याची गणना होते.

नाव कळले कसे

आमच्या वस्तीतील एका मावशींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मावशी शेतमजूर. निंदणी, वेचणी, सोंगणी यांत आयुष्य गेले. मुलगा एका गॅरेजमध्ये कामाला. आम्ही पडलो कारकून आणि शिक्षण बी. कॉम.चे. त्यामुळे वस्तीत कोणाचे आजारपण निघाले की रेशनकार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, सरकारी आरोग्य योजनेचा अर्ज ही कामे आपसूक आमच्याकडे येतात. मावशींची फाईलही आलीच. सोबत म्हणून दोनदा मुंबईलाही जाणे झाले.

त्या फाईलमध्ये एका औषधाचे नाव पुन्हा पुन्हा येई : इरिनोटेकॅन. दर डोसाच्या कागदावर तेच. हिशेबाचे कागद तपासण्याची सवय असल्याने आम्ही तिथल्या एका तरुण डॉक्टर बाईंना विचारले, "मॅडम, हे औषध कशापासून करतात?" त्यांना घाई होती, तरी त्या थांबल्या. म्हणाल्या, "याचे मूळ एका झाडात आहे. ते रसायन असलेले झाड आपल्या सह्याद्रीतही होते. त्याला नरक्या म्हणतात."

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येवढ्या दूरचं झाड, आन् माह्या कामी आलं! भाऊ, कधी जमलं त पाहून या ते. मले सांगा कसं हाये."

मावशी आज हिंडत्या-फिरत्या आहेत, ठरल्या तारखेला तपासणीला जातात. पण त्यांचे ते बोलणे आमच्या डोक्यातून गेले नाही. दिवाळीची सुट्टी लागली तशी आम्ही चौघे निघालो : शाळेवरचे गुरुजी, आमच्या कचेरीतला एक सहकारी, आयटीआय करणारा एक पोरगा आणि आम्ही.

कोरड्या मुलखातून ओल्या मुलखात

आमच्याकडून कोल्हापूरला जाणे तसे सोपे. मलकापूर स्टेशनवर गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस मिळते. संध्याकाळच्या सुमारास बसलो, रात्री मनमाड ओलांडले, सकाळी पुण्याच्या पुढे डोळे उघडले आणि दुपारी कोल्हापुरात उतरलो. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून घेतली होती, त्यामुळे वाटेत खर्च चहापुरताच. कोल्हापूरहून एस.टी.ने आजऱ्यावरून आंबोली.

आजरा सोडल्यावर मुलूख पालटू लागला. नोव्हेंबर महिना. आमच्याकडे या दिवसांत डोंगराचे गवत पिवळे पडलेले असते. इथे रस्त्याच्या दगडालासुद्धा हिरवे शेवाळ. झाडांच्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, फांद्यांवर आमऱ्या. खाली ऊन पडतच नव्हते, पानांतून गाळून जे येईल तेवढेच. गुरुजी म्हणाले, "आपल्याकडे झाड मोजता येते. इथे एक झाड कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हेच कळत नाही."

आंबोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातले घाटमाथ्यावरचे गाव. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर. समुद्रावरून आलेले ढग या कड्यावर अडतात आणि इथेच रिते होतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. म्हणजे आमच्या गावात दहा वर्षांत जेवढा पडेल, जवळजवळ तेवढा इथे एका पावसाळ्यात. अशा ठिकाणी झाडाला पाने टाकण्याची गरज पडत नाही. म्हणून ही जंगले बारा महिने हिरवी. सह्याद्रीचा हा पट्टा जगातल्या मोजक्या समृद्ध वनांत धरला जातो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आमची गाठ तिथे एका म्हाताऱ्या वनमजुराशी घालून दिली गेली. आयुष्य जंगलात गेलेले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. वाटेत त्यांनी एका झाडाकडे बोट दाखवून "ह्यो अंजन" म्हटले, तसे आम्ही चौघेही थबकलो. आमच्या डोंगरातला अंजन म्हणजे उंच, कणखर लाकडाचा, जोडपानाचा वृक्ष. हे झाड बुटके, जाड पानांचे. काका म्हणाले, याला उन्हाळ्यात निळी फुले येतात, फांदी न् फांदी भरून. नाव एक, झाडे दोन, आणि दोघांचा काही संबंध नाही. पोरगा हसून म्हणाला, "बाप्पा, आपल्या वर्गात दोन-दोन राहुल असतात तसंच हाय हे."

अखेर नरक्या दिसला

नरक्या दिसला तेव्हा खरे सांगायचे तर पाहण्यासारखे काही नव्हते. मोठ्या जांभळांच्या आणि हिरड्यांच्या सावलीत उभे असलेले लहानसे झाड. आमच्या अंगणातल्या सीताफळाहून थोडे उंच. साल राखी, भेगाळलेली. पाने रुंद, टोकदार, देठाशी गोलसर. फांदीवर जिथून पाने गळून गेली तिथे उंचवट्यासारखे वण. काही फांद्यांवर फळांचे घोस होते, आकाराने लहान बोराएवढी, लांबट, लालसर-जांभळी, पिकल्यावर काळपट. ज्याला ठाऊक नाही तो शेजारून निघून जाईल आणि मान वळवून पाहणारही नाही.

काका म्हणाले, "पान चुरगळून बघा. मगे नाव कित्या पडला ता कळतला."

चुरगळले आणि नाकाशी नेले. नाव का पडले ते लगेच कळले. पावसाळ्यात याला पिवळट-पांढरी बारीक फुले येतात. त्यांना तर याहून उग्र घाण येते. त्या वासावरूनच लोकांनी त्याला नरक्या म्हटले. विद्वानांनीही वेगळे काही केले नाही. शास्त्रीय पुस्तकांत त्याचे एक जुने नाव मॅपिया फोएटिडा. त्यातल्या फोएटिडाचा लॅटिन अर्थ दुर्गंधी. आज चालणारे नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. ते निमो नावाच्या वनस्पती-अभ्यासकावरून आले आहे. एकोणिसाव्या शतकात जे. ग्रॅहम यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्या कामात या निमोसाहेबांचा हात होता.

हे झाड महाराष्ट्रापासून केरळपर्यंत सह्याद्रीत आणि पलीकडे श्रीलंकेतही आढळते. आपल्याकडे महाबळेश्वर, कोयना, आंबोली अशा ओल्या घाटमाथ्यावर. मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलाव्यात वाढणारे. त्यामुळे वरची मोठी झाडे गेली की याचाही आसरा जातो.

नंदुरबारचा मुलगा आणि आनंदवृक्ष

आता या झाडाचे मोल कसे कळले ते सांगतो. ही हकिगत फिरून आपल्याच भागात येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॅन्सरवर औषध शोधण्यासाठी हजारो वनस्पती तपासल्या जात होत्या. त्यांत चीनमधले एक झाड होते, कॅम्प्टोथेका. चिनी लोक त्याला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ आनंदवृक्ष. १९५८ च्या सुमारास त्याच्या अर्कात कॅन्सरच्या पेशींविरुद्ध जोर असल्याचे दिसून आले. पुढे नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी ते रसायन वेगळे करून त्याची रचना उलगडली आणि १९६६ साली प्रसिद्ध केली. नाव ठेवले कॅम्प्टोथेसिन.

हे मनसुख वाणी कुठले? खानदेशातल्या नंदुरबारचे! जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत. आम्ही ज्या मलकापुराहून गाडी धरतो तिथून भुसावळ, भुसावळ-जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या मार्गावर नंदुरबार. कॅन्सरवरचे दुसरे एक नावाजलेले औषध टॅक्सॉल, तेही याच जोडीने १९७१ साली एका झाडाच्या सालीतून शोधून जगापुढे ठेवले. वाणी २०२० साली वारले. आपल्या शाळांतल्या मुलांना त्यांचे नाव क्वचितच सांगितले जाते.

पुढे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की चीनच्या आनंदवृक्षात जे रसायन आहे तेच आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. म्हणजे तेच रसायन, तेच मोल. तिकडे झाडाचे नाव आनंद, इकडे नरक.

पण रसायन सापडले म्हणजे औषध झाले असे नाही. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते रुग्णांवर वापरून पाहिले तेव्हा मूत्राशयाला फार इजा होऊ लागली, लघवीतून रक्त जाऊ लागले, आणि ते प्रयोग थांबवावे लागले. १९८५ साली ते पेशीत नेमके काय करते ते कळले, आणि मग त्यात बदल करून दोन औषधे तयार झाली. एक इरिनोटेकॅन, दुसरे टोपोटेकॅन. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली मान्यता मिळाली. इरिनोटेकॅन मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरवर. टोपोटेकॅन स्त्रियांच्या अंडाशयाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर.

ते काम कसे करते, हे डॉक्टर बाईंनी सांगितले तसे सोप्या शब्दांत देतो. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा दोन पेडांचा धागा असतो. एका पेशीच्या दोन होताना हा धागा उलगडावा लागतो. चऱ्हाट मधूनच उलगडू लागलो की पुढे पीळ घट्ट होत जातो, तसाच इथेही होतो. तो पीळ मोकळा करायला पेशीत एक कारागीर असतो. तो धाग्याचा एक पेड कापतो, पीळ सोडवतो आणि पेड पुन्हा जोडतो. कॅम्प्टोथेसिनच्या जातीचे औषध नेमके त्या कापलेल्या जागी जाऊन बसते आणि जोड होऊ देत नाही. धागा तुटलेला राहतो, पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या जास्त मरतात. पण केसांच्या मुळाशी आणि आतड्याच्या अस्तरातही पेशी भराभर वाढत असतात, म्हणून केस जातात, जुलाब होतात. इरिनोटेकॅनचे जुलाब कधी कधी फार जोराचे असतात. घरात कोणाला हा उपचार चालू असेल तर जुलाब लागताच घरगुती इलाज करीत न बसता डॉक्टरांना कळवावे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे कोणी तरी विचारणारच. नरक्याची साल किंवा मूळ आणून, उकळून, काढा करून पिऊ नये. कोणी वैदू विकत असेल तर घेऊ नये. कच्च्या रसायनाने दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असलेल्या माणसांनाही अपाय झाला, तर घरी काय होईल याचा विचार करावा. झाड औषधाचे आहे, पण झाड म्हणजे औषध नव्हे.

तोड कोण करते, पकडला कोण जातो

हे रसायन झाडात असते तरी किती? साल, लाकूड, मुळे यांत मिळून वाळल्या वजनाच्या एका टक्क्याहूनही कितीतरी कमी. हजार किलो वाळलेला माल घेतला तरी त्यातून दोन-तीन किलोच्या वर हाती लागणे कठीण. मुळात प्रमाण जास्त, म्हणून झाड नुसते तोडत नाहीत, मुळासकट खणतात. फांदी छाटली तर झाडाला पुन्हा धुमारे फुटतात. मूळच गेले तर काय फुटणार? आणि फळांनी लगडलेले झाड गेले म्हणजे त्याच्या पुढच्या पिढीचे बियाणेही गेले.

सिंधुदुर्ग, कोल्हापूर या भागांत नरक्याचे लाकूड वन खात्याने जप्त केल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. पोत्यांत भरलेले तुकडे, रात्रीची गाडी, दोन-चार माणसे ताब्यात. आम्ही काकांना विचारले, ही माणसे कोण असतात? काका बराच वेळ विडीच ओढत राहिले. मग त्यांनी सांगितले ते असे : बाहेरून कोणी तरी येतो. गावातल्या, धनगरवाड्यातल्या, रोजगार नसलेल्या पोरांना गाठतो. झाड कसे ओळखायचे ते दाखवतो. किलोमागे काही रुपये ठरवतो. पोरे कोयती-कुऱ्हाडी घेऊन जातात, तोडतात, तुकडे करतात, वाळवतात, डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणतात. झाड कशाला लागते ते त्यांना कोणी सांगत नाही. रंगाला लागते म्हणतात, अत्तराला लागते म्हणतात. पकडले गेले तर कोर्टाच्या तारखा त्यांच्या. ज्याने गाडी पाठवली त्याचे खरे नावसुद्धा त्यांना ठाऊक नसते.

आमचा धंदा हिशेबाचा. त्या रात्री आंबोलीच्या लॉजवर आम्ही वहीच्या कागदावर एक साधी खतावणी मांडली. वरून खाली नावे लिहिली : तोडणारा मजूर, गाव-पातळीवरचा दलाल, मोठा व्यापारी, अर्क काढणारा कारखाना, औषध कंपनी, औषधाचे दुकान, आणि सर्वांत शेवटी रुग्ण. जमेच्या बाजूला मधल्या पाच जणांना काही ना काही मिळते. मजुराला रोजंदारी आणि केस. रुग्णाला औषध, पण त्यासाठी घर, जागा, मंगळसूत्र गहाण टाकण्याची वेळ अनेकांवर येते. आणि झाडाच्या नावापुढे? खर्चाची बाजू भरलेली, जमेची कोरी. ज्या जंगलाने ते वाढवले त्याच्याही नावावर काही नाही.

आणि पाहिले तर या खतावणीच्या वरच्या टोकाचा माणूस आणि खालच्या टोकाचा माणूस एकाच घरातला वाटावा असा आहे. दोघेही कष्टकरी. एकाला काम नाही म्हणून तो झाड तोडतो, दुसऱ्याला आजार आहे म्हणून त्याला ते झाड हवे असते. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मजुराला कोणी सांगितले असते की तू जे खणतोस त्यातून बुलढाण्याच्या, बीडच्या, रत्नागिरीच्या एखाद्या मावशीचे प्राण वाचू शकतात, म्हणून ते शिल्लक राहिले पाहिजे, तर त्याच्या कुऱ्हाडीला थोडा तरी विचार पडला असता असे आम्हाला वाटते. निदान त्याने भाव तरी विचारला असता.

न तोडता काही करता येते का?

येते. आणि हे समाधानाचे आहे. नरक्याच्या पानांतही ते रसायन असते, मुळांपेक्षा कमी, पण असते. पाने खुडली तर झाड जगते. बियांपासून रोपवाटिकेत रोपे तयार होतात. ती घाटमाथ्यावरच्या मोकळ्या, ओल्या जमिनीत लावून त्यांच्यापासून माल घेतला तर जंगलातल्या झाडांवरचा भार उतरू शकतो. चीनमधल्या आनंदवृक्षापासूनही हे रसायन मिळते. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तर २००५ साली एक वेगळीच गोष्ट पुढे आणली. नरक्याच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी प्रयोगशाळेत वाढवली असता तीही हे रसायन तयार करते असे त्यांना आढळले. बुरशीचे काम अजून कारखान्याच्या पातळीवर झाडाची जागा घेण्याइतके पुढे गेलेले नाही. पण यावरून एक लक्षात येते. उद्या आणखी काय सापडेल ते सांगता येत नाही, आणि सापडायचे असेल तर आधी झाड जागेवर पाहिजे.

आमच्या पोराने विचारले, "मग एक रोप आपल्याकडे नेऊन लावू या का?" काकांनी मान हलवली. आमच्या उन्हाळ्यात ते टिकणार नाही. ते सावलीचे आणि ओलाव्याचे झाड. त्याला वाचवायचे तर तिथेच, त्याच्या जंगलासह.

कायदा काय म्हणतो

मग आमच्यासारख्यांनी करायचे काय? इतक्या दूरवरून हळहळ वाटून उपयोग नाही.

२००२ साली देशात जैविक विविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने एक जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. या समितीने गावच्या हद्दीतल्या झाडा-झुडपांची, पशुपक्ष्यांची आणि त्यांच्या उपयोगाबद्दल लोकांना असलेल्या माहितीची नोंदवही करायची. व्यापारासाठी कोणी गावच्या हद्दीतून वनस्पती नेत असेल तर त्याच्याकडून आकार घेण्याचाही अधिकार कायद्याने समितीला दिला. २००४ च्या केंद्रीय नियमांत लिहिलेले होते की समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात आणि किमान १८ टक्के सदस्य अनुसूचित जाती-जमातींचे असावेत. पुढे २०२३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन समितीची रचना ठरवणे राज्य सरकारकडे आले. याच दुरुस्तीने तुरुंगवासाची शिक्षा जाऊन दंडाची तरतूद आली. राखीव जंगलातली तोड मात्र १९२७ च्या भारतीय वन कायद्याने आजही गुन्हाच आहे.

कायदा वापरला तर काय होते याचे उदाहरण आंबोलीतच पाहायला मिळाले. तिथल्या हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी एका लहानशा माशाची नवी जात सापडली, २०२० साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. लगेच २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी जागा राखता येते, तर ज्या झाडात माणसाचे प्राण वाचवणारे रसायन आहे त्याच्यासाठी का नाही? घाटमाथ्यावरच्या ग्रामपंचायतींनी नरक्याची एक एक नोंद केली, किती झाडे, कुठे, फळावर कधी, तर रात्री गाडी भरणाऱ्याला निदान उत्तर द्यावे लागेल. आणि नोंद असेल तर पाने खुडण्याचे, रोपे करण्याचे काम गावातल्याच पोरांना कायदेशीर मजुरीवर देता येईल.

आपल्या गावापुरते

परत आल्यावर आम्ही आमच्या गावाकडे नव्या नजरेने पाहू लागलो. नरक्या आमच्याकडे नाही, पण सालई आहे. सालईचा डिंक सांधेदुखीच्या औषधांत वापरतात हे आज सर्वांना ठाऊक आहे. डिंकासाठी तिला नको तेवढे घाव घातले की ती वठते. मोह, अंजन, बेहडा यांचीही माहिती आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. कोणत्या झाडाची साल गुरांच्या कोणत्या दुखण्याला, कोणते फळ कधी पिकते, हे रानात राबणाऱ्या बायांना जितके ठाऊक तितके कोणा साहेबाला नाही. पण ते कुठे लिहिलेले नाही, आणि ती माणसे एक एक करून जात आहेत.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमचे सांगणे एवढेच. आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा : आमच्या गावची जैवविविधता समिती नेमलेली आहे का? तिचे सदस्य कोण? त्यांत महिला किती, आपल्या वस्तीतले कोण? नोंदवही तयार आहे का, असल्यास आम्हाला पाहू द्या. पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असेल आणि सदस्यालाच आपण सदस्य असल्याचे ठाऊक नसेल. तसे असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारावे. शिकलेल्या मुलामुलींनी एक वही घ्यावी, आपल्या आजी-आजोबांजवळ बसावे आणि झाडांची नावे, उपयोग, ठिकाणे लिहून काढावीत. यात पैसा लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

आणि घरात कोणाच्या हातावर औषधाची सुई लागली असेल तेव्हा त्या बाटलीवरचे नाव वाचा, ते कुठून आले ते विचारा. डॉक्टरांना वेळ असेल तर ते सांगतात. आमच्या गुरुजींनी परत आल्यावर सातवीच्या वर्गात फळ्यावर दोन नावे लिहिली, मनसुख वाणी आणि नरक्या, आणि मुलांना नकाशावर नंदुरबार व आंबोली शोधायला लावले. पुढच्या ग्रामसभेत समितीचा प्रश्न आम्ही लेखी देणार आहोत. अर्जाचा मसुदा तयार आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी कचेरी सुटल्यावर येऊन खुशाल उतरवून घ्यावा.